उजव्या सीटवरचा नवा वैमानिक



बारावीचे निकाल लागले की या सदराकडे एक प्रश्न हमखास येतो : ‘मुलाला पायलट व्हायचंय, खर्च किती येईल आणि पगार किती मिळेल?’ आता तो मुलींबद्दलही तितक्याच वेळा विचारला जातो, ही आनंदाची गोष्ट. आपली मंडळी राहतात त्या गावांना हे क्षेत्र परकं नाही. इंदूरला आणि वडोदऱ्याला फ्लाइंग क्लब आहेत, हैदराबादेत प्रशिक्षण संस्था आहेत. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांना जागा देण्यासाठी जे पाच विमानतळ निवडले, त्यांत जळगावबरोबर बेळगावही होतं. गोंदिया, बारामती, शिरपूर आणि धुळे ही नावंही या क्षेत्रातल्या मुलांच्या तोंडी असतात. छोटं विमान डोक्यावरून घिरट्या घालताना पाहत वाढलेल्या मुलांना हे स्वप्न पडलं तर नवल नाही.

खर्च आणि पगार यांबद्दल घराघरांत भरपूर चर्चा होते. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : विमानकंपनीत गेल्यावर आपल्या मुलाला शिकवणार कोण, आणि त्याला वागवणार कसं? हा प्रश्न फक्त त्याच्या सुखाचा नाही. त्याच्या मागे बसलेल्या पावणेदोनशे प्रवाशांच्या जिवाशी त्याचा थेट संबंध आहे. म्हणून आजचं सदर त्यावर.

आधी वाट थोडक्यात समजून घेऊ. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बारावी, मग व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल. त्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन करायचे असतात. नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती यांच्या डीजीसीएच्या लेखी परीक्षा असतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. वैद्यकीय तपासणी आधी क्लास टू आणि मग क्लास वन. ज्यांच्या घरी हा विचार चालू आहे त्यांनी पहिला रुपया भरण्याआधी ही तपासणी करून घ्यावी. डोळ्यांचा, रंग ओळखण्याचा किंवा कानाचा दोष पैसे भरल्यावर कळला, तर त्या पैशांचं काय, हा प्रश्न फार कडू असतो.

हे सगळं झालं की मुलाच्या हाती परवाना येतो, नोकरी नव्हे. विमानकंपनीत जायचं तर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ यांसारख्या एका ठरावीक विमानाचं ‘टाइप रेटिंग’ लागतं, आणि त्याचे पंधरा-वीस लाख किंवा त्याहूनही जास्त पैसे बहुतेक वेळा मुलाचेच. कंपन्यांच्या कॅडेट योजनांमध्ये हे सगळं एकत्र मिळतं, पण तिथला एकूण आकडा एक कोटीच्या घरात किंवा त्यापुढे जाऊ शकतो. मध्यमवर्गीय घराला याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको. शैक्षणिक कर्जाला घर तारण पडतं, आजोबांचं शेत विकलं जातं, धाकट्या बहिणीच्या शिक्षणाचा विचार पुढे ढकलला जातो.

म्हणजे नवा वैमानिक कॉकपिटमध्ये येतो तो घरच्यांचं कर्ज डोक्यावर घेऊन. इतर कुठल्याही नोकरीत साहेबाशी पटलं नाही तर माणूस सहा महिन्यांत दुसरीकडे जातो. इथे तसं करता येत नाही. ‘माझ्या एका शब्दाने ही नोकरी गेली तर?’ ही भीती त्याच्याबरोबर उजव्या सीटवर बसलेली असते.

दोनशे तासांनंतर

उजवी सीट को-पायलटची, डावी कॅप्टनची. शिकताना मुलं सेस्ना १७२ यांसारखं चार आसनी, एका इंजिनाचं विमान उडवतात. तिथून थेट १८० आसनांच्या जेटमध्ये बसायचं. मधे सिम्युलेटर असतो आणि तो फार चांगलं काम करतो. इंजिन बंद पडणं, आग लागणं, वारा अचानक फिरणं, हे सगळं तो दाखवतो. पण मुंबईचा जुलैतला पाऊस, उतरायच्या रांगेत बारावा नंबर, इंधनाचा हिशेब, मागे उशीर झाला म्हणून चिडलेले प्रवासी आणि पहाटे तीनला उठल्यामुळे जड झालेलं डोकं, हे सगळं एकत्र सिम्युलेटरमध्ये येत नाही. ते प्रत्यक्ष उड्डाणातच शिकायचं असतं.

म्हणून सुरुवातीला नव्या को-पायलटला फक्त प्रशिक्षक कॅप्टनबरोबर उडवतात. अगदी पहिल्या उड्डाणांना मागच्या जंप सीटवर आणखी एक अनुभवी वैमानिक असतो. काही महिन्यांनी चाचणी होते आणि मग तो सर्वसाधारण कॅप्टनांबरोबर उडू लागतो. आज एक कॅप्टन, उद्या दुसरा. इथून पुढे कंपनीच्या कागदांवर तो ‘तयार’ असतो. प्रत्यक्षात त्याचं खरं शिक्षण आता सुरू झालेलं असतं, आणि ते देणं हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

चांगला कॅप्टन ते आपणहून देतो. तो नव्या मुलाला लँडिंग देतो, ते आपटलं तर पार्किंगला पोचल्यावर शांतपणे कारण समजावतो. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उड्डाणाआधीच सांगतो, ‘मी काही चुकीचं करताना दिसलो तर लगेच बोल.’ दुसऱ्या प्रकारचा कॅप्टन अख्खा दिवस मोजकं बोलतो, लँडिंग स्वतःकडे ठेवतो, आणि प्रश्न विचारला तर ‘हे तुला अजून माहीत नाही?’ म्हणतो. दोघांच्याही परवान्यावर तेवढाच अधिकार आहे. पण पहिल्याबरोबर मुलगा विचारायला शिकतो, दुसऱ्याबरोबर गप्प राहायला. हे गप्प राहणं किती महाग पडतं, ते विमान अपघातांच्या अहवालांत लिहिलेलं आहे.

अहवाल काय सांगतात

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांतल्या टेनेरिफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या केएलएमच्या विमानाचा कॅप्टन हा कंपनीच्या ७४७ प्रशिक्षणाचा प्रमुख होता. शेजारी बसलेल्या को-पायलटची ७४७ वरची चाचणी थोड्याच दिवसांपूर्वी त्यानेच घेतली होती. कॅप्टनने थ्रॉटल पुढे केले तेव्हा को-पायलटने एकदा थांबवलं, की परवानगी अजून मिळालेली नाही. कॅप्टन थांबला. थोड्याच वेळात त्याने पुन्हा विमान सोडलं, आणि या वेळी को-पायलटने त्याला अडवलं नाही. दुसरं विमान धावपट्टीवरून अजून बाहेर पडलं नाही की काय, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली. स्वतःच्या परीक्षकाला एकाच मिनिटात दोनदा अडवायचं, हे माणसाला किती जड जात असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आपल्याकडचं उदाहरण मंगळुरूचं. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान धावपट्टीच्या पुढे दरीत गेलं. १५८ जण गेले, ८ वाचले. चौकशी अहवालानुसार कॅप्टन उड्डाणात दीड तासाहून जास्त झोपला होता आणि उतरताना त्या झोपेची गुंगी पुरती गेलेली नव्हती. विमान फार उंचावरून आणि फार वेगात येत होतं. को-पायलटने तीन वेळा ‘गो-अराउंड’, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं सांगितलं. तो नवशिका नव्हता, तीन हजारांहून जास्त तासांचा अनुभव त्याच्याकडे होता. तरी त्याने नियंत्रण स्वतःच्या हातात घेतलं नाही. अहवालाने याचं एक संभाव्य कारण दिलं ते नीट वाचण्यासारखं आहे : को-पायलटला स्वतःहून गो-अराउंड करण्याचा अधिकार आहे की नाही, याबद्दलच्या सूचनांमध्येच संदिग्धता होती.

७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला पावसात विमान घसरलं आणि २१ जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक होते. तिथेही चौकशी अहवालात तीच नोंद आहे : को-पायलटने गो-अराउंड म्हटलं, पण नियंत्रण घेतलं नाही, आणि कॉकपिटमधल्या अधिकाराच्या उतरंडीचा त्यात वाटा होता. गेलेल्या माणसांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ती माणसं आपल्या कामात मुरलेली होती. त्या अहवालांतून शिकायचं ते हे की अनुभवी माणूसही चुकतो, म्हणून शेजारी दुसरा माणूस बसवलेला असतो. त्याला बोलता आलं नाही, तर ती दुसरी सीट असून नसल्यासारखी.

टेनेरिफनंतर हे ओळखून १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपल्या वैमानिकांसाठी पहिलं मोठं प्रशिक्षण सुरू केलं. आज त्याला ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’, म्हणजे सीआरएम म्हणतात, आणि ते आपल्याकडेही बंधनकारक आहे. पण वर्गात शिकवलेलं कॉकपिटमध्ये टिकतं का, हे शेवटी डावीकडे बसलेल्या माणसावर अवलंबून असतं.

‘उलट बोलू नये’

इथे आपल्या घरच्या वळणाबद्दल थोडं बोलायला हवं. वडीलधाऱ्यांना उलट बोलायचं नाही, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. त्यात चूक काही नाही. पण ‘उलट बोलणं’ आणि ‘दिसलेली गोष्ट सांगणं’ यांत आपण फरक करत नाही. काका गाडी चुकीच्या रस्त्याला घालत असले तर मागे बसलेला पुतण्या म्हणतो, ‘काका, तो दुसरा रस्ता पण तिकडेच जातो ना?’ वाक्य प्रश्नाचं, त्यात एखादा ‘जरा’, एखादा ‘म्हणजे मला वाटतं’. घरी हे गोड दिसतं. जमिनीपासून पाचशे फुटांवर एवढा वेळ नसतो.

सीआरएमच्या वर्गांत यासाठी चार पायऱ्या शिकवतात. त्या विमानात न बसणाऱ्यांनाही उपयोगी आहेत.

पहिली, विचारणं : ‘सर, आपण जरा जास्त उंच आहोत का?’
दुसरी, आकडा सांगून सावध करणं : ‘सर, आपण तीनशे फूट उंच आहोत आणि वेग वीस नॉट जास्त आहे.’
तिसरी, काय करायचं ते स्पष्ट सांगणं : ‘कॅप्टन, हे लँडिंग सुरक्षित नाही. गो-अराउंड करा.’
चौथी, स्वतः सूत्रं घेणं : ‘आय हॅव कंट्रोल्स.’

पहिल्या पायरीपासून चौथीपर्यंत जायला कधी कधी दहाच सेकंद मिळतात. चौथी पायरी म्हणजे बंड नव्हे. कंपनीच्या लेखी नियमांत ती असते, असायलाच हवी. यात मान कमी होतो असं वाटणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं : यातल्या एकाही वाक्यात अनादर नाही. ‘सर’ म्हणूनही आकडा स्पष्ट सांगता येतो.

पण हे सगळं ओझं नव्या मुलावर टाकून चालत नाही. बोलणाऱ्याने धीर धरायचा, तर ऐकणाऱ्याने बोलण्याची किंमत वसूल करायची नाही. गो-अराउंड केल्याबद्दल वैमानिकाला जाब विचारायचा नाही, असं धोरण जगभरातल्या अनेक कंपन्यांनी ठेवलं आहे. चूक स्वतःहून कळवणाऱ्याला शिक्षा नाही, या तत्त्वावर अमेरिकेत नासा १९७६ पासून गोपनीय नोंदी गोळा करते आहे. ज्या कंपनीत चूक कळवली की चौकशीची नोटीस येते, तिथे चुका कमी होत नाहीत, फक्त कळेनाशा होतात.

पगार, झोप आणि करार

नव्या वैमानिकाला नीट वागवणं म्हणजे फक्त गोड बोलणं नव्हे. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान कोसळलं. ५० जण गेले. मुख्य कारण कॅप्टनने विमानाच्या इशाऱ्याला दिलेला चुकीचा प्रतिसाद हे होतं. पण सुनावणीत जे बाहेर आलं त्याने अमेरिका हादरली. को-पायलट मुलगी २४ वर्षांची. वर्षाचा पगार सुमारे १६ हजार डॉलर. नोकरीच्या शहरात घर घेणं परवडत नाही म्हणून ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ आईवडिलांकडे राहायची. आदल्या रात्री मालवाहू विमानांतून रात्रभर प्रवास करून ती कामावर आली होती आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीत जमेल तशी झोपली होती. तिला सर्दी झाली होती. घरी असते तर आज आलेच नसते, पण आता इथे आजारी म्हणून कळवलं तर हॉटेलचा खर्च अंगावर येईल, असं ती बोललेली कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहे. पंखांवर बर्फ जमण्याचा आपल्याला अनुभव नाही, हेही तिने त्याच उड्डाणात म्हटलं होतं.

त्यानंतर २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला. को-पायलटसाठीही साधारण १५०० तासांच्या अनुभवाची अट आली आणि विश्रांतीचे नियम बदलले. याच कायद्यात वैमानिकांच्या मार्गदर्शनाबद्दल स्वतंत्र कलम होतं. त्यावरून २०२० मध्ये तिथल्या विमान प्रशासनाने नियम काढला : कॅप्टन होणाऱ्याला नेतृत्वाचं आणि नव्यांना घडवण्याचं प्रशिक्षण द्यायचं, आणि नव्या वैमानिकाला काम सुरू करण्याआधी कॉकपिटमध्ये बसून प्रत्यक्ष उड्डाणं पाहू द्यायची. म्हणजे नव्याला सांभाळून घेणं हा कॅप्टनच्या स्वभावाचा भाग राहिला नाही, कामाचा भाग झाला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आपल्याकडे काय चालू आहे? जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने वैमानिकांच्या कामाच्या वेळेचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रपाळीतल्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. अंमलबजावणी लांबत गेली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि अखेर २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत नियम लागू झाले. पाठोपाठ डिसेंबरमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या विमानकंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील एवढ्या वैमानिकांची तजवीज झालेली नव्हती. तेव्हा विमानतळावर अडकलेल्यांत आपल्यापैकीही काही जण असतील. त्यांचा संताप रास्त होता. पण वैमानिकांना झोप मिळावी हा नियम त्या गोंधळाचं कारण नव्हता, त्याची तयारी न करणं हे होतं.

दुसरा मुद्दा कराराचा. टाइप रेटिंगचा खर्च कंपनीने केला तर ती काही वर्षांचा बाँड लिहून घेते. कंपनीची बाजू समजण्यासारखी आहे : वैमानिक तयार करायला महिने आणि लाखो रुपये लागतात आणि शेजारची कंपनी त्याला आयता उचलून नेते. २०१७ पासून डीजीसीएच्या नियमाने को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष आधी राजीनाम्याची सूचना द्यावी लागते, तीही याच कारणाने. पण टाइप रेटिंगचा सगळा खर्च मुलाने केला असेल आणि तरीही मोठा बाँड मागितला जात असेल, तर तो बाँड कशाचा, हे विचारायला हवं. केलेल्या सेवेप्रमाणे बाँडची रक्कम दरवर्षी कमी होते का, हेही पाहायला हवं.

तिसरा मुद्दा माणुसकीचा. २०२५ मध्ये एका प्रशिक्षणार्थी वैमानिकाने वरिष्ठांनी जातीवरून अपमान केल्याची तक्रार पोलिसांत नोंदवली. कंपनीने आरोप नाकारले. निवाडा करणं आपलं काम नाही. पण ज्याच्या हाती आपली परीक्षा आहे त्याच्याविरुद्ध तक्रार करायला काय लागत असेल, एवढा विचार प्रत्येकाने करावा. युरोपात २०२१ पासून विमानकंपन्यांना ‘पीअर सपोर्ट’ची सोय ठेवणं बंधनकारक आहे. त्यात अडचणीतला वैमानिक आपल्याच व्यवसायातल्या, प्रशिक्षित सहकाऱ्याशी विश्वासाने बोलू शकतो. अशी सोय आहे का आणि ती कागदावर आहे की खरंच वापरली जाते, हे नव्या माणसाने पहिल्या महिन्यातच विचारून घ्यावं.

मुलींच्या पालकांसाठी एक जुनी आठवण. १९८५ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या फोकर विमानाचं पहिलं संपूर्ण महिला कर्मचाऱ्यांचं उड्डाण झालं, त्याच्या कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख आणि को-पायलट निवेदिता भसीन. पुढच्या पाच वर्षांत, १९९० मध्ये, निवेदिता भसीन स्वतः जेटच्या कमांडर झाल्या, त्या वेळी त्यांचं वय २६ होतं. आज महिला वैमानिकांच्या प्रमाणात भारत जगात बराच पुढे आहे.

घरी बसून काय विचाराल?

आता कामाचं. मुलगा किंवा मुलगी या वाटेने जाणार असेल, तर पैसे भरण्याआधी हे प्रश्न विचारा. आणि विचारताना मुलांना बरोबर घ्या, कारण पुढे प्रश्न त्यांनाच विचारायचे आहेत.

१. संस्थेकडे चालू स्थितीत किती विमानं आणि किती प्रशिक्षक आहेत, आणि मागच्या तुकडीला २०० तास पूर्ण करायला प्रत्यक्षात किती महिने लागले? माहितीपत्रकावर विसंबू नका, त्या तुकडीतल्या दोघातिघांशी बोला. डीजीसीएने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. ती यादी पाहा.

२. फी एकदम भरायची की टप्प्याटप्प्याने? संस्था मधेच बंद पडली किंवा मुलाने सोडलं तर परतावा किती? हे लेखी घ्या.

३. कॅडेट योजनेत मिळणारं ‘लेटर ऑफ इंटेंट’ म्हणजे नेमणूक नव्हे. त्यात कोणत्या अटी आहेत आणि नेमणूक लांबली तर कंपनीवर काय बंधन आहे, ते वकिलाला दाखवा.

४. नोकरीला उशीर झाला तर परवाना आणि रेटिंग चालू ठेवायला दरवर्षी किती खर्च येईल? २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. अशा वेळी अनुभवी वैमानिक बाजारात येतात आणि नव्या मुलांची रांग मागे सरकते. तेवढा काळ कर्जाचा हप्ता कसा भरणार, हे आधी ठरवा.

५. कंपनीत गेल्यावर : प्रशिक्षक कॅप्टन बदलून मागता येतो का? एखाद्या चाचणीत नापास झाल्यास पुन्हा किती संधी मिळतात आणि त्याचा खर्च कोणाचा? थकलो आहे म्हणून उड्डाण नाकारलं तर काय होतं? या शेवटच्या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरावरून कंपनी बऱ्यापैकी कळते.

शेवटी आपल्या मंडळांबद्दल. गणेशोत्सव, दिवाळी पहाट, नाट्यवाचन हे आपण छान करतो. आपल्या प्रत्येक शहरात निवृत्त हवाई दल अधिकारी, एअर ट्रॅफिक कंट्रोलर, विमान अभियंते, एखाददुसरे कॅप्टनकाका किंवा कॅप्टनमावशी असतातच. मंडळाने त्यांची यादी करावी आणि या वाटेवरच्या प्रत्येक मुलामागे एक माणूस जोडून द्यावा. त्या माणसाने नोकरी लावून द्यायची नाही, वशिला लावायचा नाही. त्याने महिन्यातून एकदा फोन करायचा, करार वाचताना शेजारी बसायचं, सिम्युलेटरची चाचणी बिघडली त्या संध्याकाळी ऐकून घ्यायचं, आणि मुलगा चुकत असेल तर त्यालाही स्पष्ट सांगायचं. ज्याने घरच्या माणसांपुढे, मंडळातल्या काकांपुढे न घाबरता ‘मला हे पटत नाही’ म्हणायची सवय केली आहे, त्याला कॉकपिटमध्ये ते थोडं सोपं जाईल.

आणि जे आज डाव्या सीटवर आहेत, मग ती विमानातली असो, ऑफिसातली असो, दवाखान्यातली किंवा कारखान्यातली, त्यांना एक विनंती. उद्या तुमच्या हाताखाली कोणी नवं येईल तेव्हा कामाला सुरुवात करण्याआधी ते वाक्य म्हणा : ‘मी चुकताना दिसलो तर लगेच बोल.’ आणि पहिल्यांदा तो बोलेल तेव्हा, त्याचं म्हणणं चुकीचं निघालं तरी, ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा. तो पुढच्या वेळी बोलेल की नाही, हे त्या उत्तरावर ठरतं.

या वाटेवर तुमच्या घरातलं कोणी असेल, किंवा मार्गदर्शक म्हणून वेळ द्यायची तुमची तयारी असेल, तर आपापल्या मंडळाच्या कार्यवाहांना जरूर कळवा. पुढच्या महिन्यात भेटूच.